लांबलचक इंग्रजी शब्द शेपटीकडून वाचा

पेपरात रोज दिसणारे इंग्रजीतले मोठे शब्द घ्या. ग्लोबलायझेशन, रिहॅबिलिटेशन, ट्रान्सपोर्टेशन, इम्प्लिमेंटेशन, सगळ्यांच्या शेवटी एन. मग अकाउंटेबिलिटी, ट्रान्सपरन्सी, इलेक्ट्रिसिटी, सायकॉलॉजी, फोटोग्राफी, या सगळ्यांच्या शेवटी वाय. छोट्या शब्दांचं असं नसतं, कप पी वर संपतो, क्लब बी वर, रूफ एफ वर, बुक के वर, बॉक्स एक्स वर. पण शब्द जसा लांबत जातो तशी शेवटच्या अक्षराची निवड कमी कमी होत जाते, आणि बारा-पंधरा अक्षरांच्या पुढे गेलात की बहुतेक गाडी एन, वाय, एस, टी, ई, एल, डी, जी असल्या मोजक्या अक्षरांवरच येऊन थांबते. शब्दांची साखळी खेळताना मुलं वाय वर का अडकतात ते यातच आहे, वाय वर संपणारे शब्द ढीगभर आणि वाय ने सुरू होणारे अगदी थोडे.

याचं कारण एकदा कळलं ना, की मोठ्या इंग्रजी शब्दांची भीती बरीचशी जाते, म्हणून हे सविस्तर लिहितोय. विशेषतः मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं, कारण अकरावी सायन्सला किंवा नर्सिंगला गेल्यावर एकदम असले वीस-वीस अक्षरांचे शब्द अंगावर येतात आणि मग ती स्पेलिंगं घोकत बसतात, डावीकडून उजवीकडे, एकेक अक्षर. खरं तर असा शब्द उजवीकडून धरायचा असतो.

उदाहरण म्हणून ग्लोबलायझेशनच घेऊ. मूळ शब्द ग्लोब, शेवटी ई. त्याला एक तुकडा लागला की ग्लोबल, आता शेवटी एल आणि शब्द विशेषण झाला. पुढे आणखी एक तुकडा, ग्लोबलाइझ, परत शेवटी ई पण आता ते क्रियापद. आणि शेवटी शन लागला की ग्लोबलायझेशन, शेवटी एन, आणि शब्द नाम. म्हणजे प्रत्येक नवीन तुकडा उजव्या टोकाला चिकटतो आणि शेवटचं अक्षर त्या तुकड्याचं असतं, मूळ शब्दाचं राहतच नाही. मूळ शब्द हजारो आहेत पण हे शेवटचे तुकडे, म्हणजे आपल्या व्याकरणातले प्रत्यय, रोजच्या वापरातले पन्नास-साठच्या आसपास धरा, आणि त्यातलेही दहा-पंधराच सतत भेटतात. म्हणून लांब शब्दांची शेवटं सारखी.

आपल्याकडे हेच होतं की. जग, जागतिक, जागतिकीकरण. ग वरून क वर, क वरून ण वर. मग शहरीकरण, खाजगीकरण, राष्ट्रीयीकरण, विद्युतीकरण, निर्जंतुकीकरण, सगळे ण वर संपणारे, आणि सरकारी जीआर वाचताना आपण याला अडखळत नाही कारण करण दिसलं की डोकं आपोआप समजतं की काहीतरी करण्याची प्रक्रिया चाललीय. इंग्रजीतल्या शन चा अर्थ जवळपास तोच. आणि ते ग्लोबल, नॅशनल मधलं एल म्हणजे आपलं जागतिक, सामाजिक मधलं क, विशेषण करणारं. इंग्रजीत सी वर संपणारी विशेषणं पण आहेत, हिस्टॉरिक, इकॉनॉमिक, डेमोक्रॅटिक, आणि त्यातला इक आणि आपल्या ऐतिहासिक, आर्थिक, वैदिक मधला इक हे भाषांचे अभ्यासक एकाच जुन्या मुळाचे मानतात. ग्रीक, लॅटिन, संस्कृत एकाच कुळातल्या, त्यामुळे हे नातं हजारो वर्षांचं आहे. मला ही गोष्ट फार आवडते, की फँटॅस्टिक म्हणताना आणि धार्मिक म्हणताना शेवटचा तुकडा एकच असतो.

आता हे तुकडे इंग्रजीत आले कुठून. इंग्रजीचे स्वतःचे घरचे प्रत्यय आहेत, नेस, हूड, शिप, डम, फुल, लेस, लि. काइंडनेस, चाइल्डहूड, फ्रेंडशिप, फ्रीडम. हे सगळे जुन्या इंग्लिशमधले. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर दोन-तीनशे वर्षं दरबार, कायदा, कोर्ट, चर्च सगळीकडे फ्रेंच आणि लॅटिन चालली, आणि त्यातून शन, मेंट, इटी, अन्स, एबल असले प्रत्यय आले. फ्रेंचमध्ये सिते, सोसिएते, युनिव्हर्सिते म्हणतात, त्यातला शेवटचा ए इंग्रजीत येऊन वाय झाला, सिटी, सोसायटी, युनिव्हर्सिटी. मग छापखाने आले, विद्वान लोक ग्रीक-लॅटिन ग्रंथ वाचायला लागले, आणि शास्त्रासाठी ग्रीक प्रत्यय घेतले गेले, लॉजी, ग्राफी, इझम, ऑसिस, आयटिस. म्हणून साधारण असं दिसतं की घरातले शब्द छोटे आणि घरच्या शेवटाचे, ऑफिस-कोर्टातले शब्द एन, टी, वाय वर संपणारे, आणि दवाखान्यातले एस आणि वाय वर संपणारे. शेवटची दोन-चार अक्षरं बघून शब्द कुठल्या वाटेने आला ते बऱ्याचदा सांगता येतं.

सरकारी शब्दजोड्या बघा, दोन्ही शब्दांचं शेवटचं अक्षर एकच. इलेक्शन कमिशन, एन आणि एन. गव्हर्नमेंट डिपार्टमेंट, डिस्ट्रिक्ट कोर्ट, असिस्टंट अकाउंटंट, टी आणि टी. सिव्हिल हॉस्पिटल, म्युनिसिपल कौन्सिल, एल आणि एल. मॉनेटरी पॉलिसी, रेग्युलेटरी ऑथॉरिटी, वाय आणि वाय. एनर्जी सिक्युरिटी पॉलिसी मध्ये तर तिन्ही वाय. कोणी मुद्दाम जुळवलेलं नाही, प्रशासनाची इंग्रजी जवळजवळ सगळी त्या फ्रेंच-लॅटिन मालातून बनलीय आणि त्या मालाला शेवटंच मोजकी आहेत, त्यामुळे दोन शब्द शेजारी ठेवले की जुळण्याची शक्यता खूप.

जे अतिलांब शब्द क्विझमध्ये विचारतात त्यांचं पण हेच. 45 अक्षरांचा न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस, हा 1935 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगच्या एव्हरेट स्मिथने मुद्दाम लांब व्हावा म्हणून बनवला, अर्थ सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ फुफ्फुसात जाऊन होणारा आजार, शेवटी ऑसिस. शेवटाकडून वाचला की ऑसिस म्हणजे आजाराची अवस्था, कोनि म्हणजे धूळ, व्होल्कॅनो ज्वालामुखी, सिलिको सिलिका, मायक्रोस्कोपिक सूक्ष्म, न्यूमोनो फुफ्फुस, आणि सगळा शब्द दोन मिनिटांत सुटतो. 28 अक्षरांचा अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम, शेवटी इझम, म्हणजे काहीतरी मत किंवा चळवळ, आणि खरंच ती चर्च ऑफ इंग्लंडचा सरकारी दर्जा काढू नका म्हणणाऱ्यांची भूमिका होती. 29 अक्षरांचा फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन, एखादी गोष्ट कवडीमोलाची ठरवणं, 1741 च्या एका पत्रात सापडतो, आणि शेवटी तोच आपला शन.

पण माझा सगळ्यात आवडता आहे 27 अक्षरांचा हॉनोरिफिकॅबिलिट्युडिनिटॅटिबस, जो शेक्सपिअरच्या एका नाटकात येतो. याचं शेवट इबस. हा लॅटिनचा चतुर्थी-पंचमीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. आता ऑम्निबस बघा, लॅटिनमध्ये ऑम्निस म्हणजे सगळे, ऑम्निबस म्हणजे सगळ्यांना, सगळ्यांसाठी. सर्वांना बसता येईल अशा घोडागाडीला फ्रान्समध्ये 1820 च्या दशकात हे नाव पडलं, 1829 मध्ये लंडनला अशी गाडी सुरू झाली आणि लोकांनी नाव तोडून नुसतं शेवट ठेवलं, बस. म्हणजे आपण एसटीची बस म्हणतो तो अख्खा शब्द नाहीच, तो नुसता विभक्ती प्रत्यय आहे. आणि त्याहून भारी म्हणजे लॅटिनचा हा बस आणि संस्कृतचा भ्यः एकाच कुळातले. श्री गुरुभ्यो नमः मधला भ्यो आणि स्टँडवर उभी असलेली बस, दोघांचं मूळ घर एक.

छोट्या शब्दांच्या शेवटाबद्दल थोडक्यात सांगतो कारण त्याची गोष्ट वेगळी आहे. इंग्रजी मजकुरात सगळ्यात जास्त शब्द ई वर संपतात, आणि त्यातला बऱ्याच ठिकाणचा ई उच्चारला जात नाही. नेम हा शब्द जुन्या इंग्लिशमध्ये नामा असा होता, मग शेवटचा स्वर झिजत गेला, पंधराव्या शतकापर्यंत बोलण्यातून गेलाच, पण लिहिण्यात राहिला, आणि पुढे मागचा स्वर लांब उच्चारायचा याची खूण म्हणून तो उपयोगी पडला, हॅट-हेट, बिट-बाइट. हॅव, गिव्ह, लव्ह या शब्दांत ई आहे तो दुसऱ्या कारणाने, त्या काळी यू आणि व्ही एकच अक्षर होतं आणि शेवटी नुसतं ते लिहिलं तर वाचणाऱ्याला कळेना की यू वाचायचा का व्ही, म्हणून पुढे ई. जे वर तर इंग्रजीचे घरचे शब्द संपतच नाहीत, जज, ब्रिज यांना डीजीई लावतात. डिक्शनरीत जे वर संपणारे जे थोडे आहेत त्यात राज आणि स्वराज आहेत, आपल्याकडून गेलेले. आय वर संपणाऱ्यात साडी, खाकी, चपाती. यू वर गुरू. साखळीच्या खेळात मुलांनी हे लक्षात ठेवावेत, समोरच्याला जे वर शब्द देता येतो हे फार थोड्यांना माहीत असतं.

आता ज्या ठिकाणी शेवट वाचता येणं खरोखर कामाला येतं तिथे येतो, म्हणजे दवाखाना. घरात कुणाला छातीत दुखलं की दोन शब्द कानावर पडतात, अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी. सुरुवात एकच, शेवटचं अक्षरही एकच वाय, आणि कितीतरी घरांत त्यांची गल्लत होते, अँजिओग्राफी झाली म्हणजे ब्लॉकेज निघालं असं समजून नातेवाईक निर्धास्त होतात. शेवट बघा. ग्राफी म्हणजे चित्र घेणं, नोंद करणं, म्हणजे ही फक्त तपासणी, रक्तवाहिन्यांत औषध सोडून एक्सरेवर बघतात कुठे अरुंद झालंय. प्लास्टी म्हणजे घडण दुरुस्त करणं, यात फुगा घालून वाट मोकळी करतात आणि बहुतेक वेळा स्टेंट, म्हणजे जाळीची छोटी नळी, बसवतात. तसंच स्कोपी म्हणजे आत बघणं, एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी, लॅपरोस्कोपी. एक्टॉमी म्हणजे कापून काढून टाकणं, अपेंडेक्टॉमी, हिस्टरेक्टॉमी म्हणजे गर्भाशय काढणं. कोलेसिस्टेक्टॉमी हा शब्द डिस्चार्ज कार्डवर बघून घाबरायला होतं, पण मागून वाचा, एक्टॉमी काढलं, सिस्ट पिशवी, कोले पित्त, पित्ताची पिशवी काढली, झालं. यात एक बारीक फरक मात्र जपायचा. ऑटॉमी म्हणजे नुसता छेद घेणं, आणि ऑस्टॉमी म्हणजे तोंड तयार करणं, जसं ट्रेकिऑस्टॉमी, गळ्याला भोक पाडून श्वासासाठी वाट, किंवा कोलोस्टॉमी, मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढणं. एका एस चा फरक आणि पेशंटच्या पुढच्या सगळ्या काळजीत फरक.

एस वर संपणारं आयटिस म्हणजे दाह, सूज. टॉन्सिलायटिस, ब्रॉन्कायटिस, अपेंडिसायटिस, आर्थ्रायटिस. कुठलाही नवा आयटिस ऐकलात तर कुठला अवयव ते नसेल कळलं तरी तिथे दाह आहे एवढं नक्की कळतं. ए वर संपणारं ओमा बहुतेक वेळा गाठ दाखवतं, पण सगळीकडे नाही, ग्लॉकोमा हा डोळ्याचा आजार आहे त्यात गाठ नसते, आणि हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त, त्यामुळे ओमा दिसलं म्हणून लगेच कॅन्सरच्या विचाराने कोणी हादरू नये.

गोळ्यांच्या पट्टीवर तर हे आणखी शिस्तीत आहे. कंपनीने ठेवलेलं ब्रँडचं नाव असतं ते सोडा, त्याच्या जवळ औषधाचं खरं नाव असतं ते बघा. ही नावं ठरवायला जागतिक आरोग्य संघटनेने 1950 मध्ये एक पद्धत आखली, 1953 मध्ये पहिली यादी निघाली, आणि नियम असा की एका जातीच्या औषधांचं शेवट एक. अॅटोरव्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन, स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची. टेल्मिसार्टन, लोसार्टन, सार्टन म्हणजे बीपीची एक जात. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, शेवटी ओलॉल, बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके हळू करणारी जात. अॅम्लोडिपिन, निफेडिपिन पण बीपीचीच पण वेगळ्या पद्धतीने काम करणारी. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन डायबेटिसची. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल अॅसिडिटीची. आईवडिलांच्या गोळ्यांचा डबा भरणाऱ्याने एवढी शेवटं ओळखायला शिकावं, म्हणजे दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या ब्रँडची एकाच जातीची गोळी दिलीय का हे लक्षात येतं आणि जाऊन विचारता येतं.

विचारायचं म्हणतोय, आपणच ठरवायचं नाही, कारण इथेही फसगत होते. नायस्टॅटिन, शेवटी स्टॅटिनच, पण ते बुरशीवरचं औषध. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करताना 1950 मध्ये ते शोधलं आणि न्यूयॉर्क स्टेटवरून नायस्टॅटिन नाव ठेवलं, कोलेस्टेरॉलचे स्टॅटिन तर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. आणि अॅरिपिप्रॅझोल हे मानसिक आजाराचं औषध आहे, नुसतं प्रॅझोल वाचून कुणी ते अॅसिडिटीचं समजलं तर केवढा घोटाळा. त्याचं खरं शेवट पिप्रॅझोल आहे, एक तुकडा जास्त. म्हणजे शेपूट धरायची तर पूर्ण धरायची, अर्धी नाही.

शेवटावरून चुकीचा अंदाज शास्त्रज्ञांनीही केलाय आणि तो कायमचा राहून गेलाय. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होता, तेव्हा सूर्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉकियर या शास्त्रज्ञालाही ती दिसली. लॉकियरने ओळखलं की हे नवीन मूलद्रव्य आहे, पण तो धातू असेल असं धरून त्याला सोडियम, पोटॅशियमसारखं शेवट दिलं, हेलियम, एम वर संपणारं. 1895 मध्ये पृथ्वीवर हेलियम हातात आला तेव्हा कळलं हा तर वायू. त्याचे सगळे भाऊबंद निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन एन वर संपतात, हा एकटा एम वर. 2016 मध्ये त्याच गटाच्या नव्या मूलद्रव्याला नाव दिलं तेव्हा मात्र नियम पाळून ऑगॅनेसॉन केलं.

शेवटची एक गोष्ट उच्चाराची, आणि इंग्रजी बोलायला शिकणाऱ्यांना याचा उपयोग सगळ्यात जास्त. मराठीत आपण शब्दातल्या सगळ्या अक्षरांना साधारण सारखं वजन देतो, इंग्रजीत एकाच ठिकाणी जोर असतो आणि तो चुकला की परदेशातल्या माणसाला ओळखीचा शब्दही कळत नाही. तो जोर कुठे द्यायचा हे लांब शब्दात बरेचदा शेवट ठरवतं. फोटोग्राफ म्हणताना जोर फो वर. फोटोग्राफी म्हणताना तो सरकून टॉ वर जातो, साधारण फटॉऽग्रफी असं ऐकू येतं. फोटोग्राफिक म्हणताना ग्रॅ वर. मूळ तेच, पण शेपूट बदलली की जोर हलला. नियम सोपा आहे, शन, इक, इटी, लॉजी, ग्राफी, ऑमी यांच्या लगेच आधीच्या अक्षरगटावर जोर. इन्फर्मेऽशन मध्ये मे वर, बायॉऽलजी मध्ये ऑ वर, इकॉऽनमी मध्ये कॉ वर पण इकनॉऽमिक मध्ये नॉ वर, इलेक्ऽट्रिक मध्ये लेक वर पण इलेक्ट्रिऽसिटी मध्ये ट्रि वर. उलट इंग्रजीचे घरचे प्रत्यय नेस, लि, फुल, शिप आणि त्यांच्यासोबत मेंट, हे जोर हलवत नाहीत, डिव्हेऽलप आणि डिव्हेऽलपमेंट दोन्हीकडे व्हे वरच. आणि ईर, ईज हे स्वतःवरच जोर ओढून घेतात, एंजिनीऽर, जॅपनीऽज. डबल ई पण तसाच, एम्प्लॉईऽ, ट्रेनीऽ, पण कमिटी मध्ये तो मिऽ वर आहे, तो अपवाद पाठ करावा लागतो. इक चेही अपवाद आहेत, पॉलिटिक्स मध्ये पॉ वर, अॅरबिक मध्ये अॅ वर, आणि अरिथमेटिक नाम असेल तर जोर रिथ वर, विशेषण असेल तर मे वर.